चाकण-तळेगावच्या नव्या वेअरहाऊसमध्ये कामाला लागायचंय? आधी हे वाचून घ्या

२०२१ च्या ऑगस्टमध्ये परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावातून मी वाकडेवाडीच्या एसटी स्टँडवर उतरलो. हातात एक बॅग, खिशात गावातल्याच एका पोराचा नंबर. "चाकणला नवीन गोडाऊन वाढवलंय, शंभर-दीडशे पोरं घेतायत, ये लगेच" एवढंच त्यानं सांगितलं होतं. काम मिळालं, तेही तिसऱ्या दिवशी. पण पहिले चार महिने माझ्या पगारातून पीएफ कापला जात होता आणि खात्यात एक रुपयाही जमा होत नव्हता, हे मला दिवाळी उलटून गेल्यावर कळलं. तोवर मला कामाला लावणाऱ्या एजन्सीने फोन उचलणं बंद केलं होतं.

आज मी त्याच पट्ट्यात दुसऱ्या ठिकाणी शिफ्ट सांभाळतो. नवीन आलेल्या पोरापोरींना पहिल्या दिवशी आत घेऊन जाणं हे माझं काम. दर सीझनला तेच प्रश्न येतात, तेच घोटाळे दिसतात, म्हणून हे सगळं एकदा लिहून ठेवतोय. नोकऱ्या खरंच निघतात. फक्त तुमचं नाव पहिल्या दिवसापासून कागदावर आलं पाहिजे. पुढच्या प्रत्येक पायरीत हे एकच बघत चला.

१. भरती कधी निघते ते आधी समजून घ्या

जीएसटी १ जुलै २०१७ ला आला. त्याआधी कंपन्या राज्याराज्यात छोटी गोडाऊनं ठेवायच्या, कारण राज्याबाहेर माल विकला की वेगळा केंद्रीय विक्रीकर लागायचा. तो हिशेब संपला आणि चार छोट्या गोडाऊनऐवजी हमरस्त्यालगत एकच मोठं बांधणं परवडायला लागलं. पुण्याच्या भोवती चाकण, म्हाळुंगे, तळेगाव, वाघोली, लोणीकंद, शिक्रापूर, उरुळी देवाची या पट्ट्यात आज जी लांबच लांब पत्र्याची शेड दिसतात, त्यातली बरीच त्यानंतरची आहेत. चाकणला गाड्यांच्या कारखान्यांमुळे सुट्या भागांची गोडाऊनं आधीपासून होतीच, त्यामुळे रॅक, फोर्कलिफ्ट (माल उचलणारी गाडी) आणि शिफ्टची सवय असलेली माणसंही इथे होती.

एखादं वेअरहाऊस वाढतं तेव्हा सगळी माणसं एकदम घेत नाहीत. आधी शेड उभी राहते, फरशी होते, रॅकचे ट्रेलर येतात, आगीचे पाइप टाकून तपासले जातात. या काळात फक्त सिक्युरिटी आणि हाउसकीपिंगची माणसं लागतात. मग जुन्या इमारतीतले अनुभवी पिकर (रॅकवरून माल काढणारे) आणि टीएल (टीम लीडर) नव्या इमारतीत शिकवायला हलवतात, आणि तेव्हा जुन्या इमारतीत जागा रिकाम्या होतात. ही गोष्ट नवख्यांच्या लक्षातच येत नाही. सगळे नव्या गेटसमोर रांग लावतात, आणि जुन्या गेटवर दहा-वीस माणसं गुपचूप घेतली जातात. दोन्हीकडे विचारा.

सगळ्यात मोठी भरती दसरा-दिवाळीच्या सेलसाठी. ती गणपतीच्या आगेमागे सुरू होते. माझा सल्ला, आषाढी झाली की या. काम शिकायला तीन-चार आठवडे लागतात. सेल सुरू व्हायच्या आदल्या दिवशी आलेल्या माणसाला कुणी शिकवत बसत नाही, त्याला थेट गाडी रिकामी करायला उभं करतात. आणि दिवाळीनंतर माणसं कमी करताना सगळ्यात आधी त्याचंच नाव येतं.

२. गावातूनच तयार करून आणायचे कागद

इथे आल्यावर आधार दुरुस्तीच्या रांगेत दिवस घालवू नका. निघायच्या आधी हे बघा:

- आधार कार्ड, पूर्ण जन्मतारखेसह आणि तुमचा स्वतःचा, चालू मोबाइल नंबर जोडलेलं
- पॅन कार्ड, आधारला जोडलेलं
- तुमच्या नावाचं बँक खातं, पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स
- दहावी-बारावीच्या मार्कशीटच्या झेरॉक्स (मूळ प्रती दाखवायला जवळ ठेवा, कुणाकडे सोडू नका)
- पासपोर्ट आकाराचे आठ-दहा फोटो
- आधी कुठे काम केलं असेल तर यूएएन (पीएफ खात्याचा कायमचा नंबर) आणि ईएसआयसीचा (कामगार विम्याचा) नंबर
- वारसदाराचं नाव लावायचं त्या माणसाच्या आधारची झेरॉक्स
- लस, औषध, रक्तगट वगैरे माहिती एका कागदावर

यातली नावाची भानगड नीट समजून घ्या. आपल्या दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी असतं. आधारवर स्वतःचं नाव आधी. पॅनवर कधी वडिलांचं नाव गाळलेलं असतं. बँकेत कारकुनाने जे लिहिलं ते. लग्न झालेल्या बायकांचं तर एका कागदावर माहेरचं, एकावर सासरचं. तुम्हाला वाटतं, माणूस एकच आहे, काय फरक पडतो? पीएफच्या कॉम्प्युटरला फरक पडतो. आमच्याकडे एका पोराच्या नावात आधारवर एक अक्षर जास्त होतं. त्याचा यूएएन दुरुस्त व्हायला दोन महिने गेले. म्हणून आधार हाच पाया धरा. पॅन आणि बँक खातं आधारवरच्या नावाशी अक्षर न अक्षर जुळवून घ्या. आधारमध्येच चूक असेल तर तीच आधी तालुक्याला जाऊन दुरुस्त करा.

मोबाइल नंबरही तसाच. भावाच्या नावावरचं सिम, बंद पडलेला नंबर, असलं चालत नाही. प्रत्येक ठिकाणी ओटीपी येतो.

चारित्र्य पडताळणीचा दाखला काही ठिकाणी मागतात. तो पोलिसांच्या ऑनलाइन सेवेतून काढायचा असतो. चाकण, म्हाळुंगे, तळेगाव हे पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात येतात, लोणीकंद-वाघोली पुणे शहर आयुक्तालयात. राहायची जागा पक्की झाल्याशिवाय इथल्या पत्त्यावर अर्ज करू नका, नाहीतर तो परत येतो.

३. यायचं कुठे, राहायचं कुठे

मराठवाड्याकडून येणाऱ्या बऱ्याच एसटी अहिल्यानगर रस्त्याने येतात. चाकणला जायचं असेल तर वाकडेवाडीपर्यंत जाऊन परत उलटं यायची गरज नाही, शिक्रापूरला उतरा, तिथून चाकणचा रस्ता फुटतो. तळेगावला जायचं असेल तर पुणे-लोणावळा लोकल सगळ्यात स्वस्त.

खोली कामाच्या गेटपासून चालत किंवा सायकलने जाता येईल अशीच बघा. चाकणच्या तळेगाव चौकात आणि आळंदी फाट्यावर संध्याकाळी अडकलात की सहा किलोमीटरला तासभर लागतो. वाघोलीत केसनंद फाट्याचं तेच. शिफ्टला पंधरा मिनिटं उशीर झाला की काही ठिकाणी अर्धा दिवस कापतात. खराबवाडी, नाणेकरवाडी, मेदनकरवाडी, म्हाळुंगे या गावांत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने, जागा मिळते. तुमच्या शिफ्टचीच पोरं असलेली खोली शोधा. रात्रपाळी करून सकाळी आलात आणि खोलीतले बाकीचे दिवसपाळीला उठून गाणी लावून बसले तर महिन्याभरात तब्येत जाते.

घरमालकाला भाडेकरूची माहिती पोलिसांकडे द्यावी लागते. तो टाळत असेल तर तुम्हीच आठवण करा, पुढे पत्त्याचा पुरावा म्हणून ती उपयोगी पडते.

४. ठेकेदाराच्या दारात

मोठ्या कंपनीच्या नावाची पाटी असली तरी आत काम करणारे बहुतेक जण एजन्सीमार्फत, म्हणजे ठेकेदाराकडून, असतात. त्याला घाबरू नका, पण एजन्सी कोणती हे नीट कळलं पाहिजे.

सरळ रस्ता असा: वेअरहाऊसच्या गेटवर जा, सिक्युरिटीला विचारा, "दादा, इथे कोणकोणत्या एजन्सीची पोरं आहेत, त्यांचं ऑफिस कुठे?" ते सांगतात. मग त्या ऑफिसात थेट जा. त्याशिवाय राज्य सरकारच्या महास्वयम पोर्टलवर आणि केंद्राच्या नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टलवर नाव नोंदवून ठेवा. रोजगार मेळाव्यांचे निरोप तिथून येतात. पुण्यात रास्ता पेठेत जिल्हा रोजगार मार्गदर्शन केंद्र आहे, तिथे फुकट माहिती मिळते.

आता सापळे. हे सगळे मी डोळ्यांनी पाहिलेत.

पैसे मागणारा. "गेटपासचे पाचशे, युनिफॉर्मचे हजार, ट्रेनिंगचे दोन हजार." चौकातल्या चहाच्या टपरीवर वही घेऊन बसलेला असतो, गळ्यात कुठल्यातरी कंपनीचं जुनं आयकार्ड. नोकरी लावायला कामगाराने पैसे द्यायचे नसतात. कुणी मागितले की तिथून उठा. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा, उशीर केलात तर पैसे पुढे सरकतात.

मूळ कागद ठेवून घेणारा. मार्कशीट, एटीएम कार्ड, सिम, यातलं काहीही कुणाकडे ठेवू नका. एटीएम मागणाऱ्याची तर थेट पोलिसांत तक्रार करा.

कोऱ्या कागदावर सही. घाईघाईत दहा-बारा कागद पुढे करतात आणि "इथे, इथे, इथे" म्हणत बोट दाखवतात. त्यात कधी तारीख नसलेला राजीनामा असतो. थांबा, वाचा. कोरा कागद असेल तर "भरून द्या, मग करतो" म्हणा. माझ्या पहिल्या वेळी मी सगळीकडे सह्या करून मोकळा झालो होतो.

"पीएफ नको, हातात जास्त देतो." नवीन पोरं याला लगेच भुलतात. याचं उत्तर सहाव्या पायरीत आहे.

जॉइनिंगला तीन गोष्टी मागून घ्या: नेमणूकपत्र, आयकार्ड आणि एजन्सीचं पूर्ण नाव-पत्ता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यात नेमणूकपत्र देणं मालकावर बंधनकारक आहे. पत्रावर पगाराची फोड, कामाची जागा आणि रुजू झाल्याची तारीख आहे का बघा, फोटो काढून घरी पाठवून ठेवा.

५. पहिला आठवडा आत

गेटवर मोबाइल लॉकरमध्ये ठेवावा लागतो. जाताना-येताना झडती होते, सगळ्यांची होते, मनाला लावून घेऊ नका. घरच्यांना आधीच सांगा की शिफ्टमध्ये फोन लागणार नाही. सिक्युरिटीचा लँडलाइन नंबर त्यांना देऊन ठेवा.

माल आत येतो तो इनवर्ड. तो मोजून, स्कॅन करून रॅकवर लावायचा ते पुटअवे. ऑर्डर आली की रॅकवरून काढायचा ते पिकिंग. मग पॅकिंग, मग पिनकोडप्रमाणे सॉर्टिंग, मग डिस्पॅच. परत आलेला माल तपासायचा तो रिटर्न. नवख्यांना बहुतेक पिकिंग किंवा सॉर्टिंग देतात.

पिकिंगला हातात स्कॅनर देतात, पोरं त्याला गन म्हणतात. स्क्रीनवर येतं, समजा, "बी १२ - ०४ - सी". बी विभाग, बारावी गल्ली, चौथा रॅक, खालून तिसरा कप्पा. तिथे जायचं, आधी कप्प्याचं लेबल स्कॅन करायचं, मग वस्तूचं, मग ती टोटमध्ये (प्लास्टिकच्या क्रेटमध्ये) टाकायची. कागदावर सोपं आहे. पण पहिल्या दिवशी एकाच कप्प्यात एकाच कंपनीचे तीन शाम्पू दिसतात, १८० मिलीचा, ३४० मिलीचा आणि ३४० मिलीचाच पण वेगळ्या वासाचा. घाईत भलताच उचलता, गन लाल होते, लांब बीप वाजतो, आणि मागचा पोरगा तुमच्याकडे बघतो. बघू दे. पहिले चार दिवस वेग विसरा, चूक शून्य ठेवा. वेग दुसऱ्या आठवड्यात आपोआप येतो. सुरुवातीलाच धावलेले पोरगे चुका करून रेट (कामाचा वेग) आणि नाव दोन्ही घालवतात.

वस्तू कप्प्यात नसेल तर सिस्टीममध्ये तसं नोंदवा आणि पुढे चला. दुसऱ्या कप्प्यातली तशीच दिसणारी वस्तू उचलून लेबल जुळवायचा प्रयत्न करू नका, ती चोरीत धरतात.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. तुमचा लॉगिन कुणालाही देऊ नका. "माझी गन बंद पडलीय, तुझ्यावरून दोन पीस करतो" म्हणत मित्रच येतो. आमच्याकडे एक मुलगी अशीच अडकली. तिच्या लॉगिनवरून काढलेला मोबाइल पॅकिंगला पोचलाच नाही. तिने तो हातातही घेतला नव्हता. कॅमेऱ्यात बघून सुटली, पण ते आठ दिवस ती जेवत नव्हती.

पायांची काळजी घ्या. शिफ्टभर चालणं होतं. सेफ्टी शूज नवे असतात, टाचेला फोड येतात. जाड सुती मोजे आणा आणि फोड येईल तिथे आधीच पट्टी लावा. वजन कमरेतून वाकून उचलू नका, गुडघे वाकवा, खोकं पोटाशी धरा. फोर्कलिफ्ट आणि रीच ट्रकच्या (उंच रॅकवर माल चढवणाऱ्या गाडीच्या) पिवळ्या पट्ट्यात उभं राहू नका, ड्रायव्हरला समोरच्या पॅलेटमुळे तुम्ही दिसत नाही.

बहिणींसाठी: रात्रपाळीला तुमची लेखी संमती लागते, आणि ने-आण करायची गाडी व सुरक्षितता ही मालकाची जबाबदारी आहे. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावी लागते, २०१३ चा कायदा आहे. तिच्या सदस्यांची नावं भिंतीवर लावलेली असतात. पहिल्याच आठवड्यात ती वाचून ठेवा.

६. पगाराची चिठ्ठी वाचायला शिका

एक उदाहरण घेऊ. आकडे समजायला सोपे घेतलेत, तुमचे वेगळे असतील.

- मूळ पगार आणि महागाई भत्ता: १४,००० रुपये
- इतर भत्ते: ३,००० रुपये
- एकूण: १७,००० रुपये
- पीएफ, मूळ अधिक महागाई भत्त्याच्या १२ टक्के: १,६८० रुपये
- ईएसआय, एकूणच्या ०.७५ टक्के: १२८ रुपये
- व्यवसाय कर: २०० रुपये
- हातात: १४,९९२ रुपये

पीएफचे तुमचे १२ टक्के कापले की मालकाने त्याच्या खिशातून आणखी १२ टक्के भरायचे असतात. त्या १२ पैकी ८.३३ टक्के पेन्शनला जातात. काही एजन्सी स्वतःचा वाटाही तुमच्या पगारातूनच कापतात आणि चिठ्ठीत "पीएफ" असा एकच मोठा आकडा दाखवतात. तो २४ टक्क्यांच्या आसपास निघाला तर विचारा. मालकाचा वाटा कामगाराच्या पगारातून कापणं बेकायदा आहे. व्यवसाय करात महाराष्ट्रात महिलांना महिना २५,००० रुपयांपर्यंत सूट आहे, तरी बऱ्याच मुलींचे २०० रुपये कापलेले दिसतात. फेब्रुवारीत २०० ऐवजी ३०० कापतात, ते बरोबर आहे.

ओव्हरटाइमचा दर दुप्पट असतो, सेलच्या आठवड्यातही. रोजचे जादा तास स्वतःच्या वहीत तारखेसह लिहा. हजेरीवर वाद झाला की माझी वही तीनदा कामी आलीय.

आता "पीएफ नको" म्हणणाऱ्याला उत्तर. प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना १ ऑगस्ट २०२५ पासून ३१ जुलै २०२७ पर्यंतच्या नोकऱ्यांना आहे. आयुष्यात पहिल्यांदाच पीएफमध्ये नाव येत असेल आणि पगार महिना १ लाखापर्यंत असेल, तर पीएफ ज्यावर कापतात त्या एका महिन्याच्या पगाराइतकी रक्कम, जास्तीत जास्त १५,००० रुपये, दोन हप्त्यांत मिळते. पहिला हप्ता सहा महिने काम केल्यावर, दुसरा बारा महिने आणि आर्थिक साक्षरतेचा छोटा अभ्यासक्रम झाल्यावर. नवीन माणसं वाढवणाऱ्या मालकालाही, अटी पूर्ण केल्या तर, दर वाढीव माणसामागे महिन्याला ३,००० रुपयांपर्यंत मिळतात. म्हणजे वेअरहाऊस वाढवताना तुम्हाला कागदावर घेण्यात त्याचाही फायदा आहे, हे त्याला शांतपणे सांगा. रोखीवर काम केलंत तर यातलं काहीच मिळणार नाही.

त्यासाठी यूएएन लागतो. तो आता उमंग ॲपवर चेहरा दाखवून काढता येतो, कुणाला पैसे द्यायची गरज नाही. एका माणसाला आयुष्यभर एकच यूएएन. एजन्सी बदलली की "नवीन काढून देतो" म्हणतात, नको म्हणा, जुनाच द्या.

दर महिन्याच्या २० तारखेनंतर पीएफचं ऑनलाइन पासबुक उघडून बघा. मालकाने आदल्या महिन्याचा पीएफ १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. नोंदवलेल्या नंबरवरून ९९६६०४४४२५ वर मिस्ड कॉल दिला तरी शिल्लक कळते. मी हे चार महिने केलं नाही. एक महिना जरी रिकामा दिसला तरी एजन्सीला लेखी विचारा, मेसेज चालेल. उत्तर आलं नाही तर ईपीएफआयजीएमएस या पीएफच्या तक्रार पोर्टलवर पगाराच्या चिठ्ठीसह तक्रार टाका. पगारच बुडवला तर लक्षात ठेवा, ठेकेदाराने दिला नाही तर तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. आधी वेअरहाऊसच्या एचआरला लेखी द्या, मग कामगार आयुक्तांच्या कार्यालयात.

७. ईएसआयचं कार्ड खिशात ठेवा

महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल तर ईएसआय लागू होतो. नाव नोंदलं गेलं की तुमच्यावर आणि घरच्यांवर उपचार सुरू. गावाकडे असलेल्या आई-वडिलांचं, बायकोचं नाव जॉइनिंगलाच टाकून घ्या, नंतर कुणी दाद देत नाही. पिंपरी-चिंचवड भागासाठी चिंचवडला मोहननगरचं रुग्णालय, शहराच्या दक्षिणेला बिबवेवाडीचं.

कामावर येता-जाता झालेला अपघातही यात येतो, हे फार थोड्यांना माहीत असतं. चाकणच्या रस्त्यांवर दुचाकीने जाणाऱ्यांनी तर हे पाठच करावं. अपघात झाला की त्याच दिवशी सुपरवायझरला कळवा आणि अपघात नोंदवहीत नोंद करवून घ्या. कामावरच्या दुखापतीत घरी बसावं लागलं तर पगाराच्या ९० टक्के रक्कम मिळते, आणि त्यासाठी किती दिवस हप्ते भरले याची अट नाही. हेल्पलाइन १८००-११-२५२६.

८. दिवाळीनंतर

पाडवा-भाऊबीज झाली की कमी करायच्या माणसांची यादी लागते. कोण राहतं, हे दोन गोष्टींवर ठरताना मी पाहिलंय, हजेरी आणि दोन-तीन कामं येणं. म्हणून सीझनमध्येच टीएलच्या मागे लागा, "मला रिटर्न शिकवा, मला इन्व्हेंटरीला (मालाच्या मोजणी-नोंदीला) बसवा". माझं एमएससीआयटी झालेलं होतं. एकदा रात्री डेटा ऑपरेटर आला नाही आणि मी एक्सेलमध्ये डिस्पॅचचा रिपोर्ट काढून दिला, तिथून माझं टेबल बदललं. रीच ट्रक किंवा फोर्कलिफ्ट शिकायची संधी आली तर सोडू नका, पण रीतसर प्रशिक्षण आणि परवानगी मिळाल्याशिवाय चावीला हात लावू नका.

यादीत नाव आलंच तर भांडत बसू नका, कागद गोळा करा: शेवटच्या महिन्याची पगाराची चिठ्ठी, अनुभवाचं पत्र, राहिलेल्या ओव्हरटाइमचा हिशेब. काम सुटल्यावर राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत मिळायला हवा. पीएफ लगेच काढू नका, पुढच्या नोकरीत तोच यूएएन चालू राहतो. आणि एजन्सीने पीएफमध्ये तुमची सोडल्याची तारीख टाकली का, ते महिन्याभराने पीएफच्या मेंबर पोर्टलवर सर्व्हिस हिस्टरीत जाऊन बघा. ती टाकलेली नसली की पुढच्या ठिकाणी जुना पीएफ नव्या खात्यात वळवताना अडतो.